कांथा कोणासाठी : बागबाजार आणि देण्याची शिवण

वापरून मऊ झालेल्या जुन्या कापडाचे थर एकावर एक अंथरून ते साध्या धावदोऱ्याने एकजीव करण्याची कला भारतीय उपखंडाच्या जवळजवळ प्रत्येक भागात आढळते. महाराष्ट्रात तिला गोधडी किंवा वाकळ म्हणतात, कर्नाटकाच्या सीमेलगत कौदी म्हणतात आणि बंगालमध्ये कांथा. यांपैकी कांथेवर गेल्या शंभर वर्षांत जेवढे लेखन, संग्रहण आणि पुनरुज्जीवन झाले तेवढे अन्य कोणत्याही भगिनीकलेच्या वाट्याला आले नाही, आणि म्हणूनच या कलेच्या आजच्या स्थितीचे परीक्षण करायचे तर कांथेपासूनच आरंभ करणे सोयीचे ठरते. मात्र या साऱ्या उद्योगात नक्षीचे, टाक्याचे आणि रंगाचे मोजमाप झाले, पण कांथा कोणासाठी शिवली गेली हा प्रश्न बहुधा तळटीपेत राहिला. कांथा ही मुळात विक्रीची वस्तू नव्हती. ती घरातल्या बाईने फावल्या वेळात, पुष्कळदा कित्येक महिने किंवा वर्षे खपून, एका विशिष्ट माणसाला देण्यासाठी केलेली वस्तू होती. तिच्या घडणीतील बहुतेक निर्णय, म्हणजे कापड कोणते घ्यावे, थर किती असावेत, मध्यभागी काय भरावे, हे त्या घेणाऱ्याकडे पाहून ठरत असत. घेणारा विसरून केलेली कांथेची समीक्षा म्हणूनच अर्धी राहते.

हे तपासून पाहण्यासाठी उत्तर कलकत्त्यातील बागबाजार हा गंगाकाठचा जुना मोहल्ला उपयोगी पडतो. तो कांथेच्या उत्पादनाचे केंद्र कधीच नव्हता. उत्तम कांथा आल्या त्या यशोहर, खुलना, फरीदपूर, राजशाही या पूर्वेकडील जिल्ह्यांतून. परंतु शिवणे आणि देणे यांच्या संबंधाचे तीन निरनिराळे अर्थ या एका मोहल्ल्यात शेजारी शेजारी सापडतात : वैष्णव परंपरेतील अर्थ, स्त्रीशिक्षणातील अर्थ आणि स्वदेशी प्रदर्शनातील अर्थ. मराठी वाचकाला या मोहल्ल्याचा आणखी एक धागा ठाऊक असावा. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी १७४२ मध्ये जो खंदक खणायला घेतला, त्याच्या नावाची मराठा डिच लेन ही गल्ली आजही बागबाजारातच आहे. खंदक अर्धवट राहिला, मराठे तिथवर आले नाहीत आणि १७९९ मध्ये तो बुजवला गेला. बंगालमधील अंगाईत मात्र बर्गी म्हणजे मराठे स्वार कायमचे राहिले, त्यामुळे कांथेत गुंडाळलेल्या तिथल्या कित्येक पिढ्यांच्या तान्ह्या मुलांनी मराठ्यांचे नाव झोपेच्या वेळी प्रथम ऐकले असणार.

वैष्णव परंपरेतील पुरावा सर्वांत जुना आणि सर्वांत बोलका आहे. बागबाजारात १९३० पासून गौडीय मठाचे मुख्य मंदिर आहे आणि चैतन्य महाप्रभूंना वाहिलेले संग्रहालयही तेथे उभे राहिले आहे. या परंपरेचा आधारग्रंथ असलेल्या कृष्णदास कविराजांच्या ‘चैतन्यचरितामृता’त, अंत्यलीलेच्या तेराव्या अध्यायात, शिवलेल्या अंथरुणाचा एक प्रसंग येतो. जगन्नाथपुरीत केळीच्या वाळलेल्या सोपटांवर झोपणाऱ्या चैतन्यांचे कृश शरीर पाहून त्यांचे भक्त जगदानंद पंडितांनी तलम कापड गेरूने रंगवले, त्यात सावरीचा कापूस भरला आणि त्यांच्यासाठी गादी व उशी करून घेतली. चैतन्यांनी ती नाकारली, कारण संन्याशाला ती शोभणारी नव्हती. त्यानंतर दुसरे भक्त स्वरूप दामोदरांनी केळीची सुकी पाने नखांनी बारीक चिरली, त्यांचे तंतू चैतन्यांच्याच वापरातील दोन वस्त्रांत भरले आणि नवे अंथरूण तयार केले. पुष्कळ आग्रहानंतर चैतन्यांनी ते स्वीकारले. भक्तिवाङ्मयात हा प्रसंग प्रेमाच्या चढाओढीचा म्हणून वाचला जातो आणि ते योग्यच आहे, परंतु वस्त्रकलेच्या अभ्यासकाने त्याकडे आणखी एका दृष्टीने पाहायला हवे. नाकारले गेले ते नवे, मऊ आणि किमती होते; स्वीकारले गेले ते घेणाऱ्याच्याच अंगावरच्या जुन्या वस्त्रातून आणि देणाऱ्याच्या श्रमातून तयार झालेले होते. बंगाली कांथेचे आणि मराठी गोधडीचे सारे नीतिशास्त्र या दोन अंथरुणांच्या फरकात सामावलेले आहे : कापडाला किंमत नसावी, श्रमाला असावी, आणि त्या वस्तूत घेणाऱ्याचे आधीचे आयुष्य मिसळलेले असावे.

जुन्या कापडाचा हा आग्रह निव्वळ काटकसरीतून आलेला नाही. तान्ह्या मुलाला नव्या कोऱ्या कापडाऐवजी वापरलेल्या कापडात गुंडाळावे ही समजूत बंगालमध्ये आहे तशी महाराष्ट्रातही आहे. आजीच्या नऊवारी लुगड्याचे दुपटे बाळंतविड्यात घालण्याची रीत त्यातलीच. अनेकदा धुतलेले सुती कापड त्वचेला मऊ लागते हे तिचे व्यावहारिक कारण, आणि जुन्याला दृष्ट लागत नाही ही श्रद्धा. कांथेत तर दोराही जुनाच असे : साडीच्या काठातून लाल, निळे, काळे धागे ओढून काढायचे आणि त्यांनीच पांढऱ्या धोतरा-साड्यांच्या तीन ते पाच थरांवर नक्षी भरायची. नक्षीच्या मधली पांढरी जागा पांढऱ्याच दोऱ्याने, आकृतीच्या कडेकडेने फिरत जाणाऱ्या बारीक धावदोऱ्याने भरली जाते. त्यामुळे कापडावर ज्या सूक्ष्म लाटा उठतात त्या कांथेची खरी ओळख. त्या लाटा थर असल्याखेरीज उठत नाहीत. पुढील विवेचनात हा तांत्रिक मुद्दा महत्त्वाचा आहे.

वापराप्रमाणे कांथेचे प्रकार ठरलेले होते. थंडीत पांघरायची जाड ती लेप, पाहुण्यासाठी पसरायची ती सुजनी, आरसा-कंगवा गुंडाळायची आरशिलता, पोथी किंवा मौल्यवान वस्तू बांधून ठेवायचे बेटन, पैसे ठेवायची दुर्जनी, बसायचे आसन. मध्यभागी बहुधा शतदल कमळ आणि चार कोपऱ्यांत झाड किंवा कोयरी ही रचना रांगोळीच्या म्हणजे आल्पनेच्या रचनेशी मिळतीजुळती आहे, आणि अवनींद्रनाथ ठाकुरांनी ‘बांगलार ब्रत’ या पुस्तकात आल्पनेची जी मीमांसा केली तिचा आधार कांथेच्या अभ्यासकांनी वारंवार घेतला आहे. कांथेचा पद्धतशीर संग्रह मात्र केला तो आयसीएस अधिकारी गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी. त्यांचा संग्रह कलकत्त्याच्या दक्षिणेस जोका येथील गुरुसदय संग्रहालयात आहे आणि त्यातील मानदासुंदरी दासी यांची कांथा ही या कलेची सर्वांत विख्यात कृती मानली जाते. खुलना भागातील या स्त्रीने एकोणिसाव्या शतकात ही कांथा आपल्या वडिलांसाठी स्वहस्ते केली आणि तसे अक्षरांत भरूनही ठेवले. चर्चेत तिच्यावरील वसाहतकाळातील शिपायांच्या आकृतींकडे सर्वांचे लक्ष जाते; पण लग्न होऊन परघरी जाणाऱ्या मुलीने, जिच्याकडून माहेरी काही पाठवण्याची अपेक्षा नसे, वडिलांना एवढी मोठी वस्तू द्यावी आणि तीवर आपले नाव घालावे, ही गोष्ट शिपायांपेक्षा अधिक असाधारण आहे.

बागबाजारातील दुसरा अर्थ स्त्रीशिक्षणाशी निगडित आहे. १३ नोव्हेंबर १८९८ रोजी बोसपाडा लेनमधील घरात विवेकानंदांच्या शिष्या भगिनी निवेदितांनी मुलींची शाळा उघडली तेव्हा तिचे उद्घाटन रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी सारदादेवींनी केले. पुढे सिस्टर ख्रिस्तीन यांच्या साहाय्याने १९०३ मध्ये विवाहित आणि विधवा स्त्रियांसाठी वर्ग सुरू झाला आणि त्यात शिवणकामाला मोठे स्थान मिळाले. घरातल्या दुपारच्या विरंगुळ्याचे येथे विद्येत रूपांतर झाले, आणि विधवेच्या हाती चार पैसे येण्याची शक्यताही निर्माण झाली. या बदलाचे मोल थोडे नाही. पडद्यातल्या बाईला घराबाहेर पडण्यासाठी सुई हे कारण पुरेसे सभ्य होते, आणि निवेदितांनी त्याचा उपयोग जाणतेपणाने केला. त्यांनी वज्रचिन्ह असलेले राष्ट्रीय निशाण कल्पिले, शाळेतील विद्यार्थिनींनी ते भरले आणि १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसच्या वेळी भरलेल्या प्रदर्शनात ते मांडले गेले. येथे घेणारा बदलला : पिता, जावई किंवा गुरू यांच्या जागी राष्ट्र आले.

त्याच गल्ल्यांत खासगी देणेही चालूच होते. सारदादेवींनी निवेदितांसाठी लोकरीचा एक छोटा पंखा स्वतः करून दिला आणि निवेदितांना त्याचा झालेला आनंद पाहणाऱ्यांनी नोंदवून ठेवला आहे. उलट निवेदितांनी दिलेली एंडी रेशमाची चादर जीर्ण झाल्यावरही सारदादेवींनी घड्यांत काळे जिरे घालून जपून ठेवली. १९०९ पासून त्या बागबाजारातील ज्या ‘उद्बोधन’ घरात राहिल्या ते आता ‘मायेर बाडी’ म्हणजे आईचे घर म्हणून ओळखले जाते. या भेटींतील एकही वस्तू कलाकृती म्हणून मोठी नाही. तरीही हस्तकलेच्या इतिहासात अशा वस्तूंची नोंद घेतल्यावाचून मानदासुंदरींची कांथा कळत नाही, कारण दोन्हींमागचा व्यवहार एकच आहे. तिसरा अर्थ १९१९ पासून चालत आलेल्या बागबाजार सार्वजनिन दुर्गोत्सवात दिसतो. त्याच्या नावातच ‘प्रदर्शनी’ हा शब्द आहे आणि देशी हस्तकलेला लोकांसमोर आणणे हा त्यामागचा हेतू होता. प्रदर्शनात मांडलेली वस्तू अनामिक ग्राहकाकडे पाहत असते, आणि विसाव्या शतकात कांथेचा प्रवास त्याच दिशेने झाला.

फाळणीनंतर कलकत्त्यातील संग्रह एका देशात आणि त्या कांथांची गावे दुसऱ्या देशात अशी स्थिती झाली. पश्चिम बंगालमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांच्या श्रीनिकेतन या संस्थेच्या परंपरेतून बीरभूम जिल्ह्यातील बोलपूर-नानूरच्या परिसरात कांथाकामाचे नवे केंद्र वाढले, आणि १९८० च्या दशकापासून कलकत्त्यात शामलू दुदेजा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्याला बाजारपेठ मिळवून दिली. नक्शी म्हणजे नक्षीदार कांथेला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कांथाकाम करणाऱ्या प्रीतिकणा गोस्वामी यांना २०२३ मध्ये आणि तकदीरा बेगम यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. ग्रामीण स्त्रियांच्या, त्यांतही बीरभूममधील असंख्य मुस्लिम स्त्रियांच्या हाती यातून जे उत्पन्न आले, त्याला कोणत्याही सौंदर्यवादी आक्षेपाने कमी लेखता येणार नाही.

कलेच्या दृष्टीने मात्र या यशाची तपासणी कठोरपणे करायला हवी. आज ‘कांथा’ या नावाने जे विकले जाते ते बहुतांशी टसर किंवा अन्य रेशमाच्या एकेरी साडीवर, बाजारातून आणलेल्या नव्या दोऱ्याने, छिद्रे पाडलेल्या कागदावरून छापलेल्या नक्षीवर घातलेले धावदोऱ्याचे भरतकाम असते. टाका टिकला, थर गेले. थर गेल्याने लाटा गेल्या, जुने कापड गेल्याने त्यातले आयुष्य गेले, आणि नक्षी आधी छापलेली असल्याने भरणाऱ्या बाईला मध्येच एखादा मासा, एखादी पालखी किंवा स्वतःचे नाव घालण्याची मोकळीक उरली नाही. नगावर मजुरी मिळते तेथे अशी मोकळीक परवडतही नाही. हा दोष कारागिरांचा नाही. अनोळखी घेणाऱ्यासाठी काम करताना कोणतीही कला अशीच सर्वसामान्य नक्षीकडे झुकते.

जी कांथा विकायची नसते ती कोण करू शकते, असा प्रश्न यातून उभा राहतो, आणि त्याचे उत्तर छंद म्हणून शिवणाऱ्यांकडे जाते. त्यांच्याजवळ वेळ असतो आणि त्यांचे पोट त्यावर अवलंबून नसते; जुन्या कांथाकर्तीचीही हीच दोन लक्षणे होती. त्यामुळे हौशी शिवणकाराला कलेच्या परिघावर ढकलण्याची समीक्षेची सवय या कलेपुरती तरी चुकीची आहे. पण हौसेतही दोन धोके आहेत. पहिला, तुकडे जोडण्यासाठी नवे कापड विकत घेऊन ते कापण्याचा. जगदानंदांची गादी नाकारली गेली ती याच कारणासारख्या कारणासाठी. दुसरा, भिंतीचा मोह. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ मध्ये अमेरिकी गोधड्या अमूर्त चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या आणि त्यांना कलेचा दर्जा मिळवून दिला, मात्र त्यांच्या कर्त्या आणि घेणारे दोघेही त्या मांडणीत बाजूला पडले. याच्या नेमके उलट उदाहरण १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या एड्स-स्मृतिगोधडीचे : तेथे प्रत्येक तुकडा एका मृत व्यक्तीच्या नावाने, बहुधा तिच्या आप्तांनी शिवलेला आहे, आणि प्रचंड आकार असूनही त्यातील एकही तुकडा निनावी माणसासाठी केलेला वाटत नाही. अनोळखी गरजूंसाठी पांघरुणे शिवून देणाऱ्या आजच्या मंडळांनी या उदाहरणातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. पांघरूण कोणत्या वयाच्या, कोणत्या हवेत राहणाऱ्या माणसाकडे जाणार एवढे जरी शिवणाऱ्याला आधी कळले, तरी थरांची संख्या आणि कापडाची निवड बदलते.

संग्रहालयांची अवस्था आश्वासक नाही. गुरुसदय संग्रहालयाला केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाकडून मिळणारे साहाय्य २०१७ मध्ये थांबल्यापासून तेथील कांथांच्या जतनाची काळजी अभ्यासकांना लागून राहिली आहे. सुती कापड आर्द्र हवेत वाट पाहत नाही. महाराष्ट्रात गोधडीच्या वाट्याला एवढाही संग्रह आलेला नाही. गीता खंडेलवाल यांचे २०१३ मधील इंग्रजी पुस्तक हा या विषयावरील मोलाचा अपवाद, आणि तेही फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाले. गोधडीवर मानदासुंदरींसारखी अक्षरे क्वचितच आढळतात, त्यामुळे ती कोणी, कोणाच्या लुगड्याची, कोणत्या प्रसंगी, कोणासाठी शिवली हे कापडावरून कळत नाही. ते फक्त शिवणारीला आणि तिच्या घरातल्यांना ठाऊक असते. संग्रहाचे काम हाती घेणाऱ्याने म्हणून वस्तू ताब्यात घेण्यापूर्वी या चार प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत, आणि सातारा-सांगलीपासून मराठवाड्यापर्यंत ज्या वृद्ध स्त्रिया अजूनही पावसाळ्याच्या आत गोधडी उरकतात त्यांच्याकडे सर्वांत आधी जावे.