वासेट्ठसुत्ताचा उत्तरार्ध

जातिभेदाच्या खंडनासाठी आपल्या प्रवचनांत व लेखनात वासेट्ठसुत्ताचा आधार वारंवार घेतला जातो, आणि तो योग्यच आहे. सुत्तनिपातात व मज्झिमनिकायातही आलेल्या या सुत्तात इच्छानंगल येथे वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण एक वाद घेऊन तथागतांकडे येतात. मनुष्य जन्माने ब्राह्मण होतो की कर्माने? भगवंत उत्तराचा आरंभ मनुष्यापासून करीत नाहीत. ते तृण व वृक्षांपासून निघतात. मग किडे, पतंग, मुंग्या, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी असे पुढे सरकत या सर्वांची जन्मसिद्ध लक्षणे भिन्न असल्याचे दाखवितात. आणि शेवटी मनुष्याकडे येऊन, त्याच्या शरीरात तसा भेद कोठेही आढळत नाही, असे सांगतात. मनुष्यांतील भेद केवळ नावाचा व व्यवसायाचा.

येथवर मतभेदाला जागा नाही. आमची तक्रार पुढील टप्प्याविषयी आहे. आमच्या वाचनात आलेल्या विवेचनांत मुंगी आणि मासा यांचे काम एवढ्यावरच संपते. ते दृष्टान्तापुरते येतात आणि निघून जातात. त्यातून नकळत असा निष्कर्ष रूढ झाला आहे की, मनुष्यमात्र एक म्हणून समान, आणि पशू निराळे म्हणून नैतिक विचाराच्या कक्षेबाहेर. सुत्त असे म्हणत नाही. तेथे लक्षणांची भिन्नता सांगितली आहे, उच्चनीचता नव्हे. मुंगीपेक्षा हत्ती श्रेष्ठ असे एकही पद त्यात नाही. भिन्नता दिसली की लगेच पायरी शोधावयाची ही सवय ज्या व्यवस्थेतून आपण बाहेर पडलो तिची आहे.

शिवाय सुत्त तेथे संपतही नाही. उत्तरार्धात ब्राह्मण कोणास म्हणावे हे भगवंत गाथेमागून गाथेत सांगतात. यांतील बहुतेक गाथा धम्मपदाच्या ब्राह्मणवग्गातही आहेत. त्यांपैकी एका गाथेत, सर्व भूतांच्या बाबतीत दंड खाली ठेवणे, स्वतः न मारणे आणि दुसऱ्याकरवी न मारविणे, हे ब्राह्मणत्वाचे लक्षण म्हणून येते. तेथील 'थावर' या शब्दाचा अर्थ वृक्षवेली असा घेण्याचा मोह होतो. परंतु अट्ठकथा तो तृष्णामुक्त व्यक्ती असा करते. तेव्हा या गाथेतून वृक्षांविषयी काही सिद्ध करू नये. पशूंविषयी मात्र शंका राहत नाही. ज्या सुत्ताने जन्मजात श्रेष्ठत्व मोडले, त्यानेच नव्या श्रेष्ठत्वाची एक कसोटी प्राणिमात्राशी असलेल्या वर्तनात ठेवली.

आपण हा भाग टाळतो याला कारणे आहेत आणि ती क्षुल्लक नाहीत. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, ते स्वाभिमानासाठी होते. मेलेले जनावर ओढण्याचे काम ज्यांच्या माथी मारले, त्यांनाच त्या जनावराच्या नावाने अपवित्र ठरविण्यात आले. २०१६ साली उना येथे मृत गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना उघड्यावर बांधून मारण्यात आले, तेही प्राण्याच्या कैवाराच्या नावाखाली. २०१८ साली त्या कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला. ज्याच्या पाठीवर असा दंड उतरला आहे, त्याने 'भूतदया' या शब्दाकडे संशयाने पाहावे यात नवल ते काय? परंतु शब्द दुसऱ्याने बळकावला म्हणून विचारही त्याच्या हवाली करावा काय, हा आमचा प्रश्न आहे.

दुसऱ्या बाजूला पाश्चात्त्य देशांतील पर्यावरणवादी बौद्ध लेखन आहे. त्यातील पुष्कळसे भाबडे आहे. जर्मन पंडित लॅम्बर्ट श्मिटहाउझेन यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्धिझम अँड नेचर' या व्याख्यानात या उत्साहाला सप्रमाण आवर घातला. प्राचीन पालि साहित्यात पशुयोनी ही दुर्गती मानली आहे. बालपण्डितसुत्तात तिचे वर्णन दुःखमय आहे. विनयातही पायऱ्या आहेत: मनुष्यवध हा पाराजिक, त्याने भिक्खू संघाबाहेर जातो, प्राण्याचा हेतुपुरस्सर वध हा पाचित्तिय, त्याची कबुली देऊन शुद्धी होते. ही वस्तुस्थिती लपवून काही साधणार नाही.

परंतु येथेच आंबेडकरी वाचकाने थांबून विचार करावयास हवा. पशू पूर्वजन्मीच्या पापाने पशू झाला, हे विधान आपल्या कानांना अपरिचित आहे काय? अस्पृश्य पूर्वजन्मीच्या पापाने अस्पृश्य झाला, हे याच साच्यातून निघाले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला तो, समाजाला दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी टाळता येते म्हणून. हा नकार मनुष्यापुरता ठेवता येत नाही. तो एकदा मान्य केला की पशूचे दुःख हे त्याचे प्रायश्चित्त उरत नाही. ते नुसते दुःख उरते, आणि ते कोण देतो हे विचारता येते. श्मिटहाउझेन यांची अडचण त्या परंपरेची आहे. बाबासाहेबांनी मांडलेल्या धम्माला ती बाधत नाही.

त्याच ग्रंथात करुणा मनुष्यापुरती आणि मैत्री सर्व जीवांपर्यंत, असा भेद करून करुणेपेक्षा मैत्री पुढची ठरविली आहे. अहिंसेच्या विवेचनात मारण्याची इच्छा आणि मारण्याची आवश्यकता यांत अंतर केले आहे. या दुसऱ्या भेदाचा उपयोग आपण आहाराच्या वादात ढालीसारखा करतो. गरीब माणसाच्या ताटावर पहारा ठेवणाऱ्यांविरुद्ध ती ढाल आवश्यकच आहे. पण आवश्यकता ही कसोटी आहे, परवाना नव्हे. आणि कसोटी आपणांसही लागू होते. अंगही फिरविता येऊ नये अशा पिंजऱ्यात कोंबडी आयुष्यभर कोंडणे, ही कोणाची आवश्यकता? हा प्रश्न विचारल्याने कोणी शाकाहारवादी होत नाही.

माणूस आणि प्राणी यांत एकाची निवड करावी लागते, या समजुतीला दीघनिकायातील कूटदन्तसुत्त हे उत्तर आहे. खाणुमत गावी कूटदन्त ब्राह्मणाने सातशे बैल, तितकेच गोऱ्हे, कालवडी, बोकड व मेंढे यज्ञस्तंभाशी आणून बांधले होते. भगवंतांनी त्याला प्राचीन काळच्या एका यज्ञाची हकीकत सांगितली. तीत पशुवध नव्हता, यूपासाठी झाड तोडले नव्हते, आसनासाठी दर्भही कापला नव्हता; आणि लगेच पुढे, दास व कामकरी यांना दंडाच्या भयाने रडत राबावे लागले नव्हते. बैल, झाड, गवत आणि मजूर अशी एकाच ओळीत ही मोजणी होते. बाबासाहेबांनी हा भाग आपल्या ग्रंथात घेतला आहे. वर्षावासात विहारोविहारी त्या ग्रंथाचे वाचन चालते. हे प्रकरण आले की यज्ञाच्या निरर्थकतेवर बरेच बोलले जाते, मजुरांवर थोडे, आणि दर्भावर काहीच नाही. ज्या वर्षावासात हे वाचन होते त्याचे मूळही विनयात असे दिले आहे की, पावसाळ्यात हिरवे गवत व बारीक जीव तुडवीत फिरणाऱ्या भिक्खूंविषयी लोकांनी तक्रार केली आणि भगवंतांनी ती मान्य केली.