‘आम्ही’ हसतो आणि ‘आपण’ हसतो

(भोंगवली, ता. भोर येथील व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय ऐकायला हलका आहे. रोजच्या बोलण्यात होणारे गैरसमज आणि त्यातून येणारं साधं हसू. तत्त्वज्ञानाच्या माणसाने ब्रह्म आणि माया सोडून यावर काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. पण आपल्याकडे नैयायिकांनी शेकडो वर्षं याच प्रश्नावर डोकं चालवलं आहे. एक माणूस शब्द उच्चारतो, दुसऱ्याला अर्थ कळतो, हे घडतं कसं? आणि ते कसं घडतं हे पाहायचं, तर ते बिघडतं तेव्हा पाहावं.

आपल्या घरातलाच शब्द घेऊ. ‘परवा’. होऊन गेलेला दिवस परवा आणि येणारा दिवसही परवाच. एक जण विचारतो, “काय, परवाच्या लग्नाचं जेवण कसं?” दुसरा म्हणतो, “आचारी बघून मग सांगतो.” पहिला चक्रावतो. तो रविवारी उरकलेल्या लग्नाचं विचारतोय, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे गुरुवारचा मांडव आहे. किंवा समजा, बँकेत परप्रांतातून एक अधिकारी आलाय, मराठी पुस्तकातून शिकलेला. संध्याकाळी दुकानदार त्याला सांगतो, “आज लवकर दुकान वाढवलं.” अधिकारी खूश. “अरे वा! कर्ज लागलं तर या.” आता त्या बिचाऱ्याने काय करावं? आपण दुकान बंद करतो आणि ‘वाढवलं’ म्हणतो. नारळ फोडतो आणि ‘वाढवला’ म्हणतो. बांगडी फुटली तर ‘वाढली’. निघताना ‘येतो’ म्हणतो आणि जातो. अशुभ तोंडातून निघू नये म्हणून आपण शब्द उलटे केले. त्यामागची भीती बाहेरच्या माणसाला कुठून कळणार?

इथे एक गोष्ट नीट पाहू. त्या अधिकाऱ्याची बुद्धी कुठेही चुकलेली नाही. वाढणं म्हणजे मोठं होणं, दुकान मोठं व्हायला पैसा लागतो, पैसा बँक देते. तर्क अगदी चोख. कमी पडलं ते फक्त एक, बोलणाऱ्याचं तात्पर्य. शब्दबोधासाठी नैयायिक आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी यांच्या जोडीला तात्पर्य मागतात, ते यासाठीच. त्यांचं ठरलेलं उदाहरण आहे ‘सैंधव आण’. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधू देशचा घोडाही. पानावर बसलेल्या माणसाने सैंधव मागितलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेल्याने मागितलं तर घोडा. पंगतीत कुणी घोडा आणून उभा केला, तर आपण हसू. पण त्यालाही कोश माहीत होता, हे विसरायचं नाही.

म्हणून आपण तीन गोष्टी वेगळ्या ठेवू. चूक, फसवणूक आणि गैरसमज. चुकीत एकाचं अज्ञान असतं. फसवणुकीत एकाला सगळं माहीत असतं आणि दुसऱ्याला नसतं. ‘अशी ही बनवाबनवी’ हा १९८८ चा चित्रपट आपण कितीदा पाहिला असेल, पण तो फसवणुकीचा विनोद आहे. भाड्याच्या खोलीसाठी मुद्दाम सोंग घेतलंय आणि ते उघडं पडेल की काय, या धाकधुकीवर आपलं हसू उभं आहे. गैरसमजात सोंग नसतं. दोघेही खरं बोलतात, दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि तरी गाडी रुळावरून उतरते.

मराठीत या गैरसमजाचं मोठं नाटक म्हणजे गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’. त्याची वाट लांबची आहे. फ्रान्समध्ये मोलिएरने १६६० मध्ये एक प्रहसन लिहिलं, त्यावरून इंग्रजीत मर्फीचं नाटक झालं, त्याला देवलांनी मराठी कपडे घातले. आधी गद्य प्रहसन होतं, १९१६ मध्ये ते गंधर्व मंडळीकडून संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आलं. देवलही त्याच वर्षी गेले. आणि कपडे असे घातले की आतला परका देह शोधूनही सापडत नाही. पुरुषांची नावं महिन्यांवरून, फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या. बायकांची नक्षत्रांवरून, कृत्तिका, रेवती. म्हणजे सगळं पंचांगच एकमेकांवर संशय घेत बसलंय.

घडतं काय? रेवतीला रस्त्यात घेरी येते. फाल्गुनराव तिला सावरतात. चांगलंच काम. ते दुरून कृत्तिका पाहते आणि नवऱ्याविषयी तिची खात्री पटते. रेवतीकडची अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिका उचलते. बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर पाहून आता फाल्गुनरावांची खात्री पटते. पुढे तो संशय दोघांवरून चौघांवर जातो.

देवलांची खरी करामत कुठे आहे? नवरा-बायकोला त्यांनी एकच रोग दिला आणि सारख्या मापाने दिला. फक्त फाल्गुनराव संशयी असते, तर आपण त्यांना हसून घरी गेलो असतो. फक्त कृत्तिका असती, तर ‘बायकांची जातच’ असं म्हणणाऱ्यांची सोय झाली असती. इथे दोघांनाही डोळ्यांनी दिसलेलं आहे. प्रत्यक्ष प्रमाण आहे हो! पाहिलेलं खरं आहे, लावलेला अर्थ खोटा आहे. दोरीवर साप दिसण्याचं उदाहरण वेदान्तात आहे. दोरी तिथे असतेच, साप आपण घरून आणलेला असतो. फाल्गुनरावांनी आणि कृत्तिकेनेही आपापला साप घरूनच आणला होता.

हॉब्ज नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ म्हणतो की दुसऱ्याचं उणेपण दिसून आपण अचानक मोठे वाटलो की हसू येतं. बर्गसाँने १९०० मध्ये हास्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं म्हणणं असं की हसायचं तर काळीज क्षणभर बाजूला ठेवावं लागतं. हे दोन्ही विचार ‘संशयकल्लोळ’ला लावून पाहा. पहिल्या अंकात दोन्ही लागू पडतात. पण नाटक पुढे जातं तसं प्रेक्षक शेजारी बसलेल्या बायकोकडे, नवऱ्याकडे चोरून बघायला लागतो. हा साप आपल्याही घरात आहे, हे कळतं. तिथे मोठेपणाही उरत नाही आणि काळीजही जागेवर येतं. हॉब्ज आणि बर्गसाँ दाराबाहेरच थांबतात.

तरी या नाटकात एक जागा टोचते, आणि ती सांगायला हवी. रेवती नायकिणीच्या घरातली. फाल्गुनरावांवर संशय आला तर चार दिवसांचं भांडण होईल आणि मिटेल. रेवतीवर आला तर तो जन्माला चिकटलेला आहे, लोकांनी आधीच खरा मानलेला. एकच गैरसमज, पण दोघांना त्याची किंमत सारखी पडत नाही. ‘शारदा’ लिहिणाऱ्या देवलांना हे कळत नव्हतं असं म्हणवत नाही. ते तिला प्रतिष्ठेचं लग्न देतात, पण तो प्रश्न हसण्याच्या गडबडीत मागे राहतो.

किंमत कुणी मोजली, याची जुनी गोष्ट आपल्याच मातीतली आहे, पैठणची. कथासरित्सागरात ती येते. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करतोय. एक राणी संस्कृतात सांगते, पाण्याने मारू नका. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी झाला ‘मोदकैः’. राजाने मोदक मागवले! राणी हसली, संधीचे नियमही येत नाहीत म्हणाली. राजा अंथरुणाला खिळला, अन्न गोड लागेना, बोलेना. मग व्याकरण शिकण्याचा ध्यास घेतला. शर्ववर्म्याने सहा महिन्यांत शिकवलं, आणि अशक्य म्हणून पैज लावलेल्या गुणाढ्याला बोलायच्या साऱ्या भाषा सोडाव्या लागल्या. विनोद तर लाडू-मोदकांचा, आणि त्यात एका राजाचं बोलणं बंद झालं, एका पंडिताच्या भाषा गेल्या.

राजाला हे सोसलं, कारण त्याच्या दारात पंडित होते. आपल्या गावातून पुण्याला शिकायला गेलेल्या पोराच्या दारात कोण असतं? वर्गात ते ‘पानी’ म्हणालं, ‘व्हतं’ म्हणालं, की बाकं हसतात. कुणी वाईट नसतं तिथे, नुसतं हसतात. पोरगं दुसऱ्या दिवसापासून हात वर करत नाही. कधी कधी वर्षभर करत नाही. नाटका-सिनेमातला गावठी नोकर हाच धडा वर्षानुवर्षं गिरवून घेतो.

मग हसायचंच नाही का? तसं नाही. भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार केले. स्मित आणि हसित उत्तम माणसांचं, अपहसित आणि अतिहसित अधम माणसांचं. म्हणजे दात किती दिसले, आवाज किती झाला, यावर प्रतवारी. आपण ती वेगळी लावू. आपल्या मराठीने त्याची सोय करून ठेवली आहे. इंग्रजी ‘वी’ आणि हिंदी ‘हम’ एका शब्दात भागवतात. मराठीत ‘आम्ही’ निराळं आणि ‘आपण’ निराळं. ‘आम्ही जेवायला निघालो’ म्हटलं की ऐकणारा उपाशी. ‘आपण जेवू या’ म्हटलं की त्याचंही पान मांडलं. हसण्याचंही तसंच. ज्याचा गैरसमज झाला तो त्या हसण्यात सामील होऊ शकतो का, एवढं पाहायचं. मग ते स्मित असो नाहीतर गडगडाट, चालेल.

त्याला सामील कसं करून घ्यायचं? तो का चुकला हे त्याच्याच बाजूने सांगायचं. “साहेब, तुमचं बरोबर आहे, वाढवणे म्हणजे मोठं करणेच. आम्हीच बंद करायला घाबरतो.” मग अधिकारी हसतो, दुकानदार हसतो, आणि आपल्याला आपली भाषा पहिल्यांदा बाहेरून दिसते. पोराला शिक्षक म्हणाले, “तुझ्याकडे ‘व्हतं’, माझ्या आजोळी ‘हुतं’, पुस्तकात ‘होतं’. बघा किती दारं आहेत एका क्रियापदाला”, तर बाकं हसतील, पोरगंही हसेल आणि हात वरच राहील. यात शुद्धलेखन बुडत नाही. पुस्तकातलं रूप शिकवायचंच आहे, फक्त पोराला त्याची पट्टी खावी लागत नाही.

वेळ झाली, इथे थांबू. प्रश्न असतील तर आता घेऊ. पुढच्या व्याख्यानाची तारीख संयोजक सांगतील. फक्त त्यांनी ‘परवा’ न म्हणता वार सांगावा, एवढी विनंती.