सुगंधी तेले आणि डासांच्या अळ्या : संशोधनाच्या निकषांची चिकित्सा

वनस्पतींच्या बाष्पनशील तेलांचा डासनाशक म्हणून उपयोग होईल काय, या विषयावरील लेखन गेल्या काही दशकांत विपुल झाले आहे. या विपुलतेबरोबर ज्ञानही त्याच प्रमाणात वाढले काय, हा प्रश्न मात्र स्वतंत्रपणे तपासावा लागतो. वनस्पतिजन्य कीटकनाशकांवरील लेखनाची छाननी इसमन व ग्रीनायझेन यांनी २०१४ साली ‘ट्रेंड्स इन प्लांट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. १९८० साली असे ६१ लेख निघाले होते. २०१२ साली १२०७ निघाले. तथापि २०११ मधील लेखांतून यदृच्छया निवडलेल्या १९७ लेखांपैकी केवळ एकतृतीयांश लेखांत रासायनिक माहिती होती, आणि ज्ञात कीटकनाशकाशी तुलना अवघ्या एकचतुर्थांश लेखांत आढळली.

यांतील पहिली उणीव किरकोळ मानता येत नाही. सब्जाच्या एका प्रकारच्या तेलात लिनालूल प्रधान असते, तर दुसऱ्यात मिथिल चॅव्हिकॉल. अशा स्थितीत केवळ वनस्पतीचे नाव नोंदवून केलेला प्रयोग अन्य प्रयोगशाळेत पडताळून पाहता येणार कसा? ‘अमुक वनस्पतीचे तेल गुणकारी’ या विधानास तेलाचे पृथक्करण सोबत असल्याखेरीज निश्चित अर्थ येत नाही.

दुसरी उणीव निष्कर्षांचे मोलच संदिग्ध करते. एडीस इजिप्ती डासाच्या अळ्यांवर तपासलेल्या, २६९ वनस्पतींपासून काढलेल्या ३६१ तेलांचा आढावा डायस व मोराइस यांनी २०१४ साली घेतला. त्यांतील साठ टक्क्यांहून अधिक तेले ‘क्रियाशील’ ठरली. परंतु निम्म्या अळ्या मारण्यास लिटरमागे १०० मिलिग्रॅमहून कमी तेल पुरावे, एवढाच तेथील निकष होता. टेमेफॉस हे अळीनाशक पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक वापरू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. या दोन आकड्यांतील अंतर पाहता ‘क्रियाशील’ हे विशेषण किती सैलपणे योजिले जाते, हे सहज ध्यानी येईल.

टेमेफॉसला न जुमानणारे डास अनेक देशांत आढळले असल्याने नव्या द्रव्यांचा शोध आवश्यकच आहे, यात शंका नाही. किंबहुना म्हणूनच परीक्षा कठोर हवी. प्रचलित पद्धतीत अळ्यांचा मृत्यू बहुधा चोवीस तासांनी मोजला जातो. घरातील पिंपात मात्र अंडी पुनःपुन्हा उबतात. एडीसची अंडी तर कोरड्या जागी कित्येक महिने तग धरून पाणी मिळताच फुटतात. जे तेल उडून जाते, त्याचा दुसऱ्या आठवड्यातील प्रभाव अशा परीक्षेत दिसत नाही.

तेलाचे घटक, ज्ञात अळीनाशकाशी समांतर तुलना आणि उघड्या पाण्यातील प्रभावाचा टिकाऊपणा, या तिन्हींची नोंद नसलेला प्रबंध परीक्षकांनी अपुरा मानावा. ‘नैसर्गिक’ या शब्दाने या तिन्हींपैकी एकाचीही भरपाई होत नाही.