‘शाळा’: निवेदकाचे माध्यमांतर

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीतील विनोद प्रसंगांपेक्षा मुकुंद जोशीच्या प्रथमपुरुषी निवेदनात अधिक आहे. नववीतल्या या मुलाची टवाळ भाषा शिरोडकरविषयीची ओढ लपवू पाहते आणि लपवतानाच ती उघडी करते. सुजय डहाके यांच्या चित्रपटात (२०१२) कॅमेरा मुकुंदलाही बाहेरून पाहतो. शिरोडकरला चेहरा लाभतो, तिची नजर प्रत्यक्ष उत्तर देते. परिणामी प्रेम अधिक भावगेय होते. मात्र स्वतःलाच फसवणारा निवेदक मागे सरतो. आणीबाणीच्या काळात घडणाऱ्या या कादंबरीत बोलणे आणि दडवणे यांतील ताण केवळ प्रेमापुरता उरत नाही. म्हणूनच या माध्यमांतराचे मूल्यमापन कथानकाशी असलेल्या इमानावरून नव्हे, तर त्या आवाजाचे काय झाले यावरून करावे लागते.