कराचा आकडा आणि बाजाराची तब्येत

दर महिन्याच्या सुरुवातीला जीएसटीचा आकडा येतो आणि पेपरात ‘विक्रमी वसुली’ असा मथळा झळकतो. एप्रिल २०२५ मध्ये देशाची वसुली सुमारे २ लाख ३७ हजार कोटी रुपये झाली. त्यात महाराष्ट्राचे ४१ हजार कोटींहून अधिक, म्हणजे नेहमीप्रमाणे पहिला नंबर. मग लगेच निष्कर्ष निघतो, की बाजार तेजीत आहे, लोकांच्या हातात पैसा आहे. माझा आक्षेप या ‘लगेच’ला आहे.

आकडा खोटा नाही. तो दर महिन्याला मिळतो, जीडीपीसारखी तिमाहीची वाट बघायला लावत नाही, म्हणून सगळ्यांना हवासा वाटतो. पण तो कराचा आकडा आहे, विक्रीचा नव्हे. दर बदलला किंवा एखादी नवी वस्तू कराखाली आली, तर विक्री जागच्या जागी राहूनही आकडा हलतो.

आपण कात्रजला जमलोय, तर उदाहरण डेअरीचंच घेऊ. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद दही, ताक, लस्सी यांवर ५ टक्के कर लागला. त्याआधी तो शून्य होता. लोकांनी एक वाटीही दही जास्त खाल्लं नाही, तरी वसुली वाढलीच. आता उलटं बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लोणी आणि तुपावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. समजा, १०० रुपयांची विक्री वाढून १४० झाली. धंदा जोरात, पण कर १२ रुपयांवरून ७ रुपयांवर आला! आकड्याकडे बघणारा म्हणेल, मंदी आली.

एप्रिलचंही तसंच. त्या महिन्यात जमा होणारा कर मुख्यतः मार्चच्या व्यवहारांचा असतो. वर्षअखेरीला हिशेब मिटतात, थकलेली बिलं निघतात. म्हणून एप्रिलची तुलना मार्चशी नव्हे, गेल्या एप्रिलशीच करायची. तीही महागाई वजा करून, कारण भाव चढला की कर आपोआप चढतो.

आणि राज्याचा पहिला नंबर? चाकणला बनलेली मोटार बिहारच्या डीलरकडे गेली, की तिच्यावरचा कर महाराष्ट्राच्या वसुलीत दिसतो. गाडी घेणारा मात्र बिहारचा असतो आणि राज्याच्या वाट्याचा करही शेवटी तिकडेच जातो. म्हणजे हा आकडा आपल्या घरांतल्या खर्चाचं माप नाही. शिवाय पेट्रोल, डिझेल, दारू जीएसटीत नाहीतच. त्यांवर राज्याचा वेगळा विक्रीकर आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या दुकानदाराला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. त्याच्या मालावरचा कर वरच्या पुरवठादाराने भरलेला असतो. पण दुकानदाराची स्वतःची कमाई या आकड्यात येत नाही. कोपऱ्यावरचं असं दुकान बंद पडलं आणि गिऱ्हाईक मॉलमध्ये गेलं, तर सरकारी वसुली वाढते. खरेदी तेवढीच, एका कुटुंबाची रोजी गेली, आणि आकडा मात्र सुधारला. ज्या बातमीने आपल्याला काळजी वाटायला हवी, तिच्यावर आपण टाळ्या वाजवतो.

कुणी म्हणेल, व्यवहार नोंदीत आले, हे चांगलंच की! मान्य. करचुकवेगिरी कमी झाली तर उत्तमच. पण नोंद वाढणं आणि उत्पन्न वाढणं यांत फरक आहे, आणि धोरण ठरवताना तो पुसला गेला तर मदत चुकीच्या ठिकाणी जाते.

जुन्या आकड्यांशी तुलनाही जपून करा. २००५ मध्ये विक्रीकराच्या जागी व्हॅट आला, २०१७ मध्ये जीएसटी. दोन्ही वेळा मोजण्याची पट्टीच बदलली.

म्हणून पुढच्या वेळी ‘विक्रमी’ शब्द दिसला, की चार प्रश्न विचारा. दर बदलले का? महागाई किती होती? परतावे वजा केलेत का? आणि नोंदणीबाहेरच्या छोट्या धंद्यांचं काय चाललंय? त्यांची पाहणी केंद्राचं सांख्यिकी खातं वेगळी करतं, ती या आकड्याशेजारी ठेवून वाचा. इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.