चावी कोणाच्या हाती?

नव्या यंत्राचा आणि नव्या सामाजिक प्रयोगाचा कारभार कोणी व कसा पाहावा, यावर अलीकडे विद्यापीठांतून पुष्कळ लिहिले जाते. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. त्या लेखनातील गणित तपासण्याचा अधिकार मला नाही. पण गद्य म्हणून ते कसे आहे, एवढे विचारण्याचा आहे.

या विषयावर मला मोलाचा वाटलेला निबंध मिलिंद सोहोनी यांचा. आयआयटींतील अध्यापन-संशोधन देशाच्या कितपत उपयोगी पडते, या प्रश्नावर तो 2012 साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. लेखक मुंबईच्या आयआयटीतलेच प्राध्यापक. संगणकशास्त्रातील अमूर्त प्रश्नांत नाव मिळवलेला हा माणूस ग्रामीण तंत्रज्ञानाच्या ‘सितारा’ या केंद्रात येतो आणि गावच्या नळयोजना का बंद पडतात हे पाहू लागतो, ही गोष्टच मुळी कादंबरीकाराला मोह पाडणारी! आपल्याच घराला प्रश्न विचारण्याचा धीटपणा त्या लेखनात आहे. याच वाटेने 2016 साली शासनाचे ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ आले. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपापल्या भागाचे प्रश्न अभ्यासावेत, ही त्यातली कल्पना.

तो निबंध इंग्रजीत आहे, याचे दुःख आहेच. पण या साऱ्या शाखेचे व्याकरण मला अधिक खटकते. ‘सहभाग घेतला जावा’, ‘उत्तरदायित्व निश्चित केले जावे’, अशा धाटणीची ती वाक्ये. सारा कर्मणी प्रयोग! कर्ता कोठे गेला? माझ्या वर्गातल्या पोराने असे लिहिले, तर मी समासात प्रश्नचिन्ह काढतो.

चिंचोटीत बसून हे वाचताना ही तक्रार निव्वळ मास्तरकीची राहत नाही. सूर्या प्रकल्पाचे धामणी धरण मूळचे सिंचनासाठी. पुढे त्यातून रोज 403 दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठी आणण्याची योजना झाली. शेताचे पाणी शहराकडे वळवावे, हे कोणी ठरवले? ‘ठरविण्यात आले’!

याउलट नायगावची पाणी पंचायत पाहा. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी ती उभी केली, तेही इंजिनियरच. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने, भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. प्रत्येक नियमामागे एक जिवंत माणूस दिसतो: चोरून ऊस लावू पाहणारा, पाण्यासकट जमीन विकू पाहणारा, आणि वितभरही जमीन नसताना पाणी मागायला उभा राहिलेला.

नळयोजनेवरच्या पुढल्या अहवालात आकड्यांच्या आधी मला पाणी सोडणारा माणूस भेटावा. त्याला पगार कोण देतो, चावी फिरवताना तो कोणाचे ऐकतो, आणि शेवटच्या पाड्याला पाणी पोचले नाही तर त्याच्या दारात कोण येऊन उभे राहते.