खरवडीचा मान

मराठी घरात ‘कॅसरोल’ म्हणजे पोळ्यांचा डबा. लग्नात आहेर म्हणून दोन-तीन तरी येतात. एक वापरात राहतो, बाकीचे माळ्यावर जातात. त्यामुळे काही वर्षांपूर्वी ठाण्याच्या वहिनीने मे महिन्यात रत्नागिरीला निघण्याआधी फोनवर सांगितलं, “या वेळी कॅसरोल मी करते,” तेव्हा मोठ्या काकूने सरळ विचारलं, “मग पोळ्या किती लाटायच्या?”

वहिनीच्या मनात होते ते बटाट्याच्या चकत्या, पांढरा सॉस आणि चीज यांचे थर लावून ओव्हनमध्ये भाजलेलं प्रकरण. ते आमच्याकडे नवं नव्हतं. आत्या ते लग्नाआधी एका पाककृतींच्या क्लासात शिकली होती आणि झाकणाच्या मधोमध काच बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या गोल ओव्हनमध्ये दर सुट्टीत करायची. घरात त्याला ‘बेक बटाटा’ म्हणत. इंग्रजी शब्द पुढे आणि बटाटा मागे, एवढंच नामकरण.

या पदार्थाकडे जाणकार जरा नाक मुरडून बघतात. एकीकडे हापूस, फणसाची भाजी, सोलकढी, मिरकरवाड्याहून आलेली ताजी सुरमई. आणि त्यांच्या पंगतीला हे चीज घातलेलं बटाट्याचं भांडं? मीही बरीच वर्षं असाच मुरडत होतो. पण जे भांडं दर वर्षी सगळ्यांत आधी रिकामं होतं, त्याला काहीतरी म्हणायचं असणारच. ते काय, हे थर उलगडून पाहू.

पहिला थर बटाट्याचा. बटाटा आमच्या मातीतला नाही. जांभ्याच्या सड्यावर आंबा आणि काजू रुजतात, बटाटा आंबा घाट उतरून खाली येतो. नावही समुद्रापलीकडचं, पोर्तुगीज ‘बटाटा’ आपण जसंच्या तसं ठेवलं. उत्तरेने त्याला ‘आलू’ केलं. पण मग काजूही पोर्तुगीजच, आणि ज्याच्या जिवावर रत्नागिरी मिरवते तो हापूसही अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावावरून आलेला. म्हणजे मे महिन्यातल्या आमच्या पानात परका कोण आणि घरचा कोण, हे ठरवायला बसलं तर अर्धं पान रिकामं होईल.

बटाट्याचा खरा गुण असा की तो कोणाच्याच नियमात अडकत नाही. पंचवीस-तीस माणसं जमली की त्यात मासे खाणारे असतात, न खाणारे असतात, चतुर्थी धरलेली एखादी काकू असते, तिखट न चालणारी पोरं असतात आणि दात गेलेले आजोबा असतात. बटाटा या सगळ्यांना ओळखतो. उपासाच्या भाजीत तो असतो, वड्यात असतो, काचऱ्यांत असतो, रश्शात असतो. (बेक बटाटा मात्र उपासाला चालत नाही, मैदा आड येतो. चतुर्थीच्या काकूसाठी आत्या चार बटाटे जिरं-तुपात वेगळे परतते.)

आता त्याची निवड. आत्याच्या हाताखाली मी शिकलो ते असं, की नवा, पातळ सालीचा बटाटा यात घ्यायचा नाही. त्यात पाणी जास्त, सॉस सैल पडतो. शीतगृहात फार दिवस राहिलेलाही नको. थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते, मग तो गोडसर लागतो आणि वरून लवकर काळा पडतो. मधला, कोरडा, घट्ट बटाटा सालासकट उकडायचा, पण पुरता नाही. सुरी टोचली की शेवटी थोडी अडली पाहिजे. गार झाल्यावर सोलून पाऊण सुताच्या नाही, चांगल्या एक-दीड सुताच्या चकत्या करायच्या. फार पातळ केल्या तर थर विरघळून लगदा होतो. फार जाड केल्या तर चकती वेगळी आणि सॉस वेगळा लागतो. मीठ प्रत्येक थरावर चिमटीने. बटाटा मीठ नुसतं खात नाही, गिळून टाकतो. वरून एकदाच घातलेलं तळापर्यंत पोचत नाही.

दुसरा थर पांढऱ्या सॉसचा, आणि बहुतेकांचा बेक बटाटा इथेच पडतो. लोणी आणि मैदा समप्रमाणात घेऊन मंद आचेवर परतायचा, मैद्याचा कच्चा वास जाईपर्यंत पण रंग बदलू न देता. मग दूध थोडं थोडं घालत घोटायचं. पंचवीस माणसांना तीन किलो बटाटे, दीड लिटर दूध, शंभर ग्रॅम लोणी, शंभर ग्रॅम मैदा आणि चारशे ग्रॅम चीज, हे आमचं माप. सॉस पिठल्याइतका घट्ट दिसला तर तो जास्तच घट्ट आहे. ओव्हनमध्ये तो आणखी आळणार असतो. पळीच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी आणि ती मोडू नये, एवढाच दाट हवा.

त्यात पडतात दोनच मसाले, मिरी आणि जायफळ. फ्रेंच स्वयंपाकातही या सॉसला जायफळच लावतात. गंमत अशी की हे दोन्ही आमच्या परसात होतात. पोफळीवर मिरीचा वेल चढवलेला असतो, नारळाच्या सावलीत जायफळ वाढतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तर जायफळाच्या ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जातीच काढल्या आहेत. एरवी आम्ही जायफळ पुरणाला आणि बासुंदीला राखून ठेवतो. खारट दुधात ते पडलं की काय होतं, हे मला बेक बटाट्याने शिकवलं. जायफळ दुधाचा जडपणा झाकत नाही, त्याला थोडी ऊब देतं. आत्या ते शेवटी किसायची, आणि इतकं कमी की खाणाऱ्याला नाव सांगता येऊ नये.

तिसरा थर चीजचा. आपल्याकडे ते डब्यातून आणि खोक्यातून आलं, प्रक्रिया केलेलं. शौकीन त्याला हसतात. पण या भांड्यात ते इमानी आहे. त्यात घातलेल्या क्षारांमुळे स्निग्धांश आणि प्रथिनं एकमेकांना धरून राहतात. वितळलं तरी तेल सुटून वर तवंग येत नाही. मुरवलेलं महाग चीज ढिगाने घातलं तर नेमकं तेच होतं, आणि पहिल्या घासाला वाहवा करणारा माणूस चौथ्या घासाला पान सरकवतो. उत्तम म्हणजे दोन्हींची जोडी, सॉसमध्ये साधं चीज आणि वर मुठीएवढं मुरलेलं.

आता वरचा पापुद्रा. माझ्या मते सगळा पदार्थ त्याच्यासाठीच आहे. फ्रेंचमध्ये अशा भाजलेल्या प्रकाराला ‘ग्रातँ’ म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ खरवडणे. म्हणजे ग्रातँ ही शब्दशः खरवडच. दुधाच्या पातेल्याची, तूप कढवल्यावर उरलेली, भाताच्या टोपाला बुडाशी धरलेली, जी मिळवण्यासाठी आम्ही भावंडं कालथा घेऊन भांडत होतो तीच. दोन्ही भाषांनी चवीचं मर्म एकाच जागी पाहिलं, भांड्याला चिकटलेल्या त्या शेवटच्या थरात. फरक इतकाच की आपली खरवड चुकून लागते आणि फ्रेंच माणूस ती मुद्दाम लावतो.

मुद्दाम लावायची तर आच वरून हवी. पाणी शंभर अंशांवर उकळतं आणि ओलं असेतोवर काहीही तांबूस होत नाही. पृष्ठभाग सुकून उष्णता १४०च्या पुढे गेली की दुधातली साखर आणि प्रथिनं मिळून तो खमंग रंग आणि वास तयार करतात. म्हणून मायक्रोवेव्हमध्ये केलेला बेक बटाटा गरम होतो, शिजतो, पण भाजत नाही. तो पांढराफटक राहतो आणि त्याला बटाट्याची खीर म्हणावं.

आपली चूल आच देते खालून. वरून आच देणारे मराठी पदार्थ थोडे, पण रत्नागिरीत त्यातला एक पक्का आहे. श्रावण-भाद्रपदात मांडवावरची तवशी जून होतात, मग धोंडस होतं. तवशाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं कालवून जाड बुडाच्या पातेल्यात घालायचं, खाली मंद विस्तव, वर झाकणावर निखारे. घरभर वास सुटतो. कापून वड्या पडतात, वर लोण्याचा गोळा. ओव्हन हा शब्द घरात येण्याच्या कितीतरी आधी आमच्या आज्या बेक करत होत्या, नुसतं तसं म्हणत नव्हत्या.

हे मला कळलं ते एका मेअखेरीला. वळवाचा पाऊस आला, झाडं करकरली आणि वीज गेली. बेक बटाटा ओव्हनमध्ये जाऊन वीस मिनिटंही झाली नव्हती. ओटीवर माणसं पानं मांडून बसलेली, आत आत्या रडकुंडीला आलेली. आजी खुर्चीतूनच म्हणाली, “अगो, धोंडसाला कुठे वीज लागते?” मग न्हाणीच्या चुलीवर मोठं पातेलं चढलं, बुडाला वाळू, वाळूवर ओव्हनमधलं अॅल्युमिनियमचं भांडं, पातेल्यावर लोखंडी तवा आणि तव्यावर करवंट्यांचे लाल निखारे. अर्ध्या तासाने तवा उचलला तेव्हा वरचा थर आजवर कधी झाला नव्हता असा झाला होता, कडेला जवळजवळ काळा, मध्ये मधासारखा, आणि सगळ्याला करवंटीच्या धुराचा हलका वास. त्या दिवसापासून मी त्या पदार्थाला परका म्हणणं सोडून दिलं.

जगभर हा पदार्थ गर्दीसाठीच होतो. अमेरिकेतल्या युटा राज्यात मॉर्मन लोक किसलेला बटाटा, घट्ट सूप आणि चीज यांचा बेक करतात, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा. अंत्यविधीनंतरच्या जेवणाला शेजारीपाजारी तो करून आणतात म्हणून त्याचं नावच अंत्यविधीचे बटाटे. २००२च्या सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तर त्याच्या चित्राची पिन निघाली होती. नाव ऐकून दचकायला होतं, पण शेजारून येणारा पिठलं-भात आठवा. ज्या घरी चूल पेटलेली नाही त्या घरी न्यायचं अन्न मऊ, गरम आणि न विचारता वाढता येईल असंच असावं लागतं. कॉर्नफ्लेक्सच्या जागी आमच्याकडे टोस्टचा चुरा पडतो, चहात बुडवायचा तोच. लोण्यात जरा चोळून घेतला की तो कॉर्नफ्लेक्सपेक्षा सरस.

आता दोष. अलीकडे या भांड्यात काहीही पडतं. सिमला मिरची, मक्याचे दाणे, पिझ्झ्याबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या, आणि फोनवर तार ओढून दाखवायला मोझरेला. सिमला मिरची पाणी सोडते, मका गोड करतो, ओरेगॅनो जायफळाचा गळा धरतो. तार दिसते छान, पण गार झाल्यावर तिचं रबर होतं आणि मोठ्या पंगतीत अर्धी माणसं गारच खातात. दुसरी चूक घाईची. ओव्हनमधून काढल्यावर पंधरा मिनिटं भांड्याला हात लावू नये. सॉस तेवढ्यात आळतो आणि वडी सुरीने स्वच्छ सुटते. लगेच कापलं तर पानात ओघळ येतो.

त्याच्या सोबतीला काय, यावर आमच्या घरात वाद आहे. वहिनी लसणीचा पाव आणते. माझं मत कैरीच्या तक्कूला. दूध-लोण्याचा तो जड घास आंबट-तिखट कैरीने तुटतो आणि जीभ पुन्हा नवी होते. नंतर वाटीभर सोलकढी.

पण या पदार्थाचं मोठेपण मला चवीपेक्षा त्याच्या वागण्यात दिसतं. पोळी, घावन, आंबोळी, मोदक, आपले सगळे कौतुकाचे पदार्थ एकेक करून होतात. शेवटच्या माणसाला गरम मिळावं म्हणून एक बाई शेवटपर्यंत आगीशी उभी असते आणि तिच्या पानात उरलेलं येतं. बेक बटाटा सकाळी रचून ठेवता येतो. एकदा आत ढकलला की तो ढवळायचा नसतो, उलटायचा नसतो, त्याच्याशी बोलायचंही नसतं. चाळीस मिनिटं स्वयंपाकघर मोकळं असतं. त्या गोल ओव्हनच्या दिवसांत मी आत्याला पंगत चालू असताना ओटीवर येऊन, पदराने वारा घेत, गप्पांत बसलेली पाहिलं ते फक्त बेक बटाट्याच्या दिवशी. इतर दिवशी तिचा फक्त आवाज यायचा, “अजून कोणाला हवी?”

म्हणून मोठं भांडं करा, कडेचा थर चांगला लागू द्या. आणि कापायला बसाल तेव्हा पहिली वडी कडेची काढा, भांड्याला चिकटलेली खरवड कालथ्याने तिच्यावर ठेवा, आणि ती ताटली जिने हे रांधलं तिच्या हातात द्या. पोरांना मधलं वाढा, त्यांना तारेचंच कौतुक असतं.